नकाशावर ‘केर्न’ लिहिलंय म्हणजे थडगं असेलच असं नाही

वेल्समधल्या पेन-अ-व्हानच्या ८८६ मीटर उंच माथ्यावर फोटोसाठी रांग लागते. आपण कांस्ययुगातल्या थडग्यावर उभे आहोत, हे त्या रांगेतल्या बहुतेकांच्या गावीही नसतं. पावलांखाली झिजत चाललेल्या त्या राशीचं १९९१ मध्ये उत्खनन झालं आणि आत शिळांची पेटी निघाली. पण तिथे जायला कुणाचं मार्गदर्शन लागत नाही, वाट दगडांनी बांधलेली आहे. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या केर्नसाठी, म्हणजे अशा दगडी राशींसाठी आहे: जिथे वाट नाही, पाटी नाही, गवत गुडघाभर आहे, आणि वीस पावलांवरून गेलात तरी चुकेल.

शोधायचं काय, ते आधी स्पष्ट असू दे. वेल्सच्या उंच माळांवरचे बहुतेक केर्न साधारण इ.स.पू. २३०० ते १५०० या काळातले. दगडांची गोल रास, व्यास बहुधा ५ ते २५ मीटर, आणि मध्ये कुठेतरी सिस्ट, म्हणजे उभ्या शिळा लावून केलेली लहानशी पेटी. त्यात दहन केलेल्या अस्थी, कधी मातीचं भांडं. काही केर्नना बाहेरून मोठ्या दगडांची कड असते, काहींचा मधला भाग मोकळा असून भोवती फक्त दगडांचं कडं असतं, तर काही सपाट चौथऱ्यासारखे असतात. हे सगळे प्रकार एका ठिकाणी, पाट्यांसकट पाहायचे असतील तर उत्तरेत लिन ब्रेनिगच्या काठी जा. जलाशय होण्याआधी १९७३-७४ मध्ये तिथे मोठं उत्खनन झालं आणि नंतर काही रचना पुन्हा उभारल्या. नवख्याने एक दिवस तिथे घालवला की डोळा तयार होतो. माझ्या मते थेट रानात जाण्यापेक्षा हे कधीही बरं.

आता नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० चा एक्सप्लोरर नकाशाच घ्या, ५०,००० चा नको. त्यावर रोमनपूर्व अवशेषांची नावं जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात. गॉथिक अक्षरांतलं ‘केर्न’ म्हणजे सर्व्हेच्या मते पुरातन, साध्या अक्षरांतलं ‘केर्न’ किंवा ‘दगडांचा ढीग’ म्हणजे त्यांच्या मते नाही. हा फरक कामाचा आहे, पण तो शेवटचा शब्द नाही. पुरातन राशीवर गिर्यारोहकांनी नवा ढीग रचला, की नकाशावर साधं अक्षर येऊ शकतं. नकाशावरची ठिकाणांची नावंही बघा: कार्न, कार्नेद, क्रीग हे राशीचे वेल्श शब्द, बेद म्हणजे थडगं. वेल्श व्याकरणात शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, त्यामुळे ‘कार्न’ शोधताना ‘गार्न’ही शोधायचं. ‘क्रीग’चं ‘ग्रीग’ झालं की मात्र गोंधळ होतो, कारण हेदर या झुडपालाही तोच शब्द आहे. नुसत्या ‘ग्रीग’ नावाच्या भरवशावर डोंगर चढू नका.

नकाशानंतर नोंदी. ‘कोव्हलाइन’ हा अॅबरिस्टविथच्या, प्राचीन स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या रॉयल कमिशनचा संग्रह, ‘आर्खविल्यो’ हा प्रादेशिक नोंदींचा, आणि ‘कोव्ह कम्री’ हा कादू या शासकीय संस्थेचा संरक्षित स्मारकांचा नकाशा. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्ही उघडायचे, कारण एकच केर्न तिघांत तीन क्रमांकांनी, तीन व्यासांनी आणि कधी कधी तीन जागांवर सापडतो. वर्णन वाचताना नोंद कुणी, कधी केली ते आधी बघा. ‘शेवटची पाहणी १९७०च्या दशकात’ असं असेल, तर तेव्हाच्या उघड्या माळावर आज सिटका स्प्रूसचं दाट जंगल असू शकतं. रॉयल कमिशनने २४४ मीटरवरच्या उंच प्रदेशाची पद्धतशीर पायपीट करवून घेतली होती. त्या पाहणीतली नोंद असेल तर निर्धास्त निघा, तिथे शब्द मोजून वापरलेले असतात.

फारसा कुणी न वापरणारा आणखी एक झरा म्हणजे पवनचक्क्यांच्या परवानगीचे अर्ज. अर्जासोबतच्या पर्यावरण अहवालात पुरातत्त्वाचं प्रकरण असतं, आणि ते लिहिणाऱ्यांनी तो माळ नुकताच पायाखाली घातलेला असतो. स्थानिक नियोजन कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे अहवाल बघायला मिळतात. पवनचक्क्यांबद्दल कुणाचं काही मत असो, कागद उत्तम असतात.

सगळ्यात जास्त पायपीट फुकट जाते ती जागेच्या आकड्यांमुळे, म्हणून इथे जरा थांबू. ब्रिटिश ग्रिडचा, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांच्या जाळ्याचा सहा आकडी संदर्भ, उदाहरणार्थ ब्रिन कादर व्हानेर या केर्नचा ‘एसएच ६४८ ३५३’, हा बिंदू नसतो, १०० मीटरचा चौकोन असतो. आणि तो आकडा त्या चौकोनाच्या नैऋत्य कोपऱ्याचा. मोबाइलमधलं अॅप मागे शून्यं लावून तुम्हाला नेमकं त्या कोपऱ्यावर नेऊन उभं करतं. केर्न तिथून ईशान्येला, कर्णाच्या दिशेने १४० मीटरपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे कोपऱ्यावर उभं राहून गोल गोल फिरलात, तर तीन चतुर्थांश मेहनत चुकीच्या चौकोनांत जाते. सहा आकडी संदर्भ मिळाला की दोन्ही भागांत ५० मीटर मिळवा, चौकोनाच्या मध्यावर जा आणि तिथून शोधा. आठ आकडी असेल तर १० मीटरचा चौकोन, दहा आकडी असेल तर १ मीटरचा. पण दहा आकडे दिसले म्हणून भुलू नका. जुना सहा आकडी संदर्भ संगणकात भरताना कुणीतरी शून्यं लावलेली असतात. दोन्ही भाग ‘००’ वर संपत असतील तर तो सहा आकडीच समजा.

दुसरी चूक याहून छुपी. जीपीएस जागतिक डेटम, म्हणजे जागा मोजायचा जागतिक आधार, वापरतो; ब्रिटिश ग्रिडचा डेटम वेगळा आहे. एकातले अक्षांश-रेखांश दुसऱ्यातले समजून वाचले, तर जागा सुमारे १०० मीटर सरकते. धुक्यात १०० मीटर म्हणजे गावच दुसरं. त्यामुळे घरून निघतानाच एकच पद्धत ठरवा, ग्रिड संदर्भाची, आणि हातातल्या यंत्राचं सेटिंग ‘ब्रिटिश नॅशनल ग्रिड’वर आहे ना ते ओळखीच्या ठिकाणी, सर्व्हेच्या मोजणी-खांबापाशी वगैरे, पडताळून बघा.

लायडारचा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, उपयोग इथेच होतो. वेल्स सरकारने संपूर्ण देशाचा १ मीटर रेझोल्यूशनचा लायडार खुला केला आहे, ‘डेटामॅपवेल्स’वर तो पाहता येतो. ८ मीटर व्यासाची आणि अर्धा मीटर उंचीची रास त्यावर पुटकुळीसारखी उठून दिसते. तयार छाया-नकाशात प्रकाश बहुधा वायव्येकडून ४५ अंशांवरून पडलेला असतो. कमी उंचीच्या राशी त्यात विरून जातात. मूळ माहिती उतरवून घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये प्रकाश १५-२० अंशांवर आणा आणि निदान चार दिशांनी फिरवून बघा. ‘डीटीएम’ म्हणजे झाडंझुडपं गाळलेला आणि ‘डीएसएम’ म्हणजे न गाळलेला पृष्ठभाग, हे दोन्ही लावून बघा. गाळणारा प्रोग्रॅम उभ्या कडांची दगडी रास कधी कधी झाड समजून छाटून टाकतो. उलट, लायडारवर सुबक गोल कडं दिसलं की लगेच नाचू नये. गुरांना चारा घालायच्या गोल लोखंडी कठड्याभोवती जमीन तुडवली जाऊन अगदी तसंच कडं उमटतं.

जायचं कधी? फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. ब्रॅकनचे नेचे तेव्हा वाळून आडवे झालेले असतात, मोलिनिया गवत फिकट पिवळं होऊन दबलेलं असतं, आणि सूर्य खाली असल्याने सावल्या लांब पडतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ब्रॅकन छातीएवढं वाढतं. तेव्हा सव्वा मीटर उंचीचा केर्नही पाच पावलांवर दिसत नाही आणि गोचिड्या मात्र हमखास मिळतात. या गोचिड्यांतून लाइम रोग होऊ शकतो. परतल्यावर काखा, मांड्या, गुडघ्यामागची घडी तपासायची आणि चिकटलेली गोचिडी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. पिळायची नाही.

जायचा हक्क कुठे आहे तेही नकाशाच सांगतो. एक्सप्लोररवर फिकट पिवळा रंग म्हणजे खुली जमीन. २००० च्या कायद्याने दिलेला हा हक्क वेल्समध्ये मे २००५ पासून लागू आहे, आणि तिथे वाट सोडून पायी कुठेही फिरता येतं. अडचण येते ती खुल्या जमिनीपर्यंत पोहोचण्याची. काही पिवळे तुकडे चारही बाजूंनी खाजगी शेतांनी वेढलेले असतात आणि आत जाणारी एकही सार्वजनिक वाट नसते. तिथे शेतघरात जाऊन विचारायचं, कुंपणावरून उडी मारायची नाही. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै दोरीची लांबी दोन मीटरच्या आत. एपिंटचा विषय वेगळाच आहे. तो अख्खा डोंगराळ भाग १९४० मध्ये लष्कराने घेतला, तिथल्या २१९ माणसांना घरं सोडावी लागली, आणि आजही तिथे गोळीबाराचा सराव चालतो. आतल्या केर्नच्या नोंदी कितीही मोहक असल्या तरी लाल निशाणाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही.

चालण्याचा हिशेब करताना नेहमीचं सूत्र, ताशी ५ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं, वाट संपली की विसरा. एलान खोऱ्याच्या वरच्या बाजूला, आबेरग्वेसिनच्या माळावर किंवा पिमलिमॉनच्या उत्तर उतारावर मोलिनियाचे गुडघ्याएवढे झुबके असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याच्या फटी. पाय झुबक्यावर ठेवला तर मुरगळतो, फटीत ठेवला तर भिजतो. तिथे ताशी २ किलोमीटर धरा. पावलं मोजणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की सपाटीला १०० मीटरसाठी ६०-६५ दुहेरी पावलं पडत असतील तर झुबक्यांत ८० च्या वर जातात. हिरवंगार, चकचकीत स्फॅग्नम शेवाळ दिसलं तर वळसा. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीच्या, दोन मीटर खोल घळी असतील तर त्या सरळ ओलांडत बसू नका, पाणलोटाच्या रेषेवरून जा. तिथे घळी उथळ असतात आणि केर्नही बहुधा त्याच रेषेवर असतात.

इथपर्यंत आलात की दगड शोधू नका, जागा शोधा. हे केर्न बांधणाऱ्यांना माथ्याचं आकर्षण होतंच. ७४१ मीटर उंचीच्या पेन पिमलिमॉन आर्विस्टलीवर तीन मोठ्या राशी अगदी शिखरावर आहेत. पण अनेकदा त्यांनी खरा माथा सोडून जरा खालची, खोटी कड निवडली. खालच्या दरीतून किंवा जुन्या वाटेवरून वर पाहिलं की जी रेषा आकाशाला टेकलेली दिसते, ती कड. तिथे रचलेली रास दरीतून आकाशरेषेवर दिसते, माथ्यावरून मात्र दिसत नाही. ब्रिन कादर व्हानेर हे याचं सर्वांत सुंदर उदाहरण. आर्दिदुईच्या डोंगरात मोइल गोइदोगवरून येणाऱ्या प्राचीन वाटेने दक्षिणेकडून चालत आलं, की समोरच्या उंचवट्यावर बाहेर झुकलेल्या शिळांचा मुकुट एकदम आकाशात उभा राहतो. रास जेमतेम ९ मीटर रुंद आणि एक मीटरही उंच नाही. सगळी करामत जागेची आणि त्या झुकलेल्या शिळांची आहे. आज १५ शिळा उरल्यात, मूळच्या सुमारे ३० असाव्यात. एकोणिसाव्या शतकात खजिन्याच्या आशेने मधोमध खणलं गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्कराने सरावात पूर्वेकडच्या शिळा उडवल्या.

म्हणून शोध खालून सुरू करा. चढताना दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून आकाशरेषा न्याहाळा आणि जिथे बारीकसा फुगवटा दिसेल त्याची दिशा होकायंत्राने घ्या. वर पोहोचल्यावर दृश्य इतकं बदलतं की तो फुगवटा पुन्हा सापडत नाही. तेव्हा ती दिशाच कामी येते. काहीच दिसलं नाही तर चौकोन आखून समांतर पट्ट्यांत चाला. आखूड गवतात दोन पट्ट्यांमध्ये १५ मीटर, झुबक्यांत आणि हेदरमध्ये १० मीटर.

डोळ्यांआधी बऱ्याचदा पायांना कळतं. पीटवरची मऊ, स्पंजासारखी जमीन एकाएकी कडक होते, बुटाखाली दगड डगमगतो. वनस्पतीही बदलतात. दगडांच्या राशीतून पाणी झरझर निघून जातं, त्यामुळे चोहीकडे ओलं मोलिनिया असताना एक गोल तुकडा बिलबेरीचा किंवा हेदरचा असतो. उंच, कोरडी जागा मेंढ्यांनाही आवडते. त्या तिथे बसतात, लेंड्या टाकतात, आणि गवत आखूड व गर्द हिरवं होतं. फिकट पिवळ्या माळावर दूरवर हिरवा ठिपका दिसला तर तिकडे जाऊन बघण्यात तोटा नाही.

सापडली रास. आता ती थडगं आहे का? गुडघ्यांवर बसा आणि कडेने एक फेरी मारा. कडेचे दगड आतल्यापेक्षा मोठे आहेत का, वर्तुळाच्या रेषेत लांबट बाजूने बसवलेले आहेत का, बाहेर झुकलेत का? तीन-चार दगड सलग एका चापात मिळाले तर ती कड आहे, आणि कड असेल तर कुणीतरी मोजूनमापून बांधलं आहे. मग मध्यभाग. तिथे बहुतेक वेळा खड्डाच असतो, जुन्या खजिनाशोधकांनी केलेला. त्यातून निघालेले दगड एका बाजूला पडलेले असतात, त्यामुळे राशीला एक कुबड येतं. खड्ड्याच्या तळाशी कडेवर उभी केलेली पातळ शिळा शोधा. एक मिळाली की तिला काटकोनात दुसरी बघा. साधारण एक मीटर लांब आणि अर्धा-पाऊण मीटर रुंद अशी चौकट जुळली तर तो सिस्ट, वाद मिटला. वरचं झाकण बहुधा शेजारीच फेकलेलं असतं. मोठी, सपाट आणि आजूबाजूच्या दगडांशी मेळ न खाणारी शिळा ती. स्वान्झी खोऱ्यावरच्या कार्न लेखार्टला हे सगळं विनासायास दिसतं: उभ्या शिळांचं कडं आणि मधोमध उघडा सिस्ट.

दगडफुलाकडेही बघा. शतकानुशतकं न हललेल्या दगडांवर नकाशासारख्या दिसणाऱ्या हिरवट-पिवळ्या दगडफुलाचे मोठे चट्टे असतात आणि ते वरच्या, उघड्या बाजूलाच असतात. चट्टे खालच्या किंवा आतल्या बाजूला वळलेले दिसले तर दगड अलीकडे उलटलेत. वरचा थर असा उलटसुलट आणि खालचा गवतात रुतलेला स्थिर, हे चित्र सर्रास दिसतं: प्राचीन राशीवर आधुनिक ढीग, किंवा राशीतलेच दगड काढून केलेला वाऱ्याचा आडोसा. एलानच्या दक्षिणेला, ६४५ मीटर उंचीच्या ड्रिगार्न व्हौरवरचे दोन घुमटाकार केर्न लांबून देखणे दिसतात. पण तो घुमट खूप नंतरचा. जुनी रास बघायची तर नजर पायथ्याच्या पसरट दगडांवर ठेवा.

बहुरूपी बरेच भेटतात. शेत साफ करताना रचलेले ढीग सगळ्यात फसवे. ते लहान, २ ते ५ मीटरचे, घोळक्याने, खालच्या उतारांवर आणि जुन्या बांधांच्या जवळ असतात. त्यांना कड नसते, बारीकमोठे दगड कसेही टाकलेले असतात. एकटी, मोठी, कडेवरची रास असेल तर पारडं थडग्याकडे झुकतं. ससे पाळायला केलेले मातीचे उंचवटे लांबट असतात, बाजूने चर असतो. पीट वाळत घालायचे चौथरेही आयताकृती. गोठण-वितळणीने दगड आपोआप पट्ट्यांत आणि वर्तुळांत जमतात, पण ती वर्तुळं शेजारी शेजारी अनेक असतात आणि त्यांना उंची नसते. शंका उरली तर ‘शक्यता’ लिहा. जाणकारांच्या नोंदींतही हा शब्द भरपूर असतो.

हात मात्र लावायचा नाही. दगड हलवायचा नाही, वर एक दगड ठेवायचाही नाही, काठीचं टोक खुपसून बघायचं नाही. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय खणणं किंवा मेटल डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे. २०२३ चा वेल्सचा ऐतिहासिक पर्यावरण कायदा नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारण पटण्यासारखं आहे. व्हान व्हॉइल या डोंगरावरच्या केर्नमधल्या सिस्टमध्ये मेडोस्वीट या फुलाचे परागकण मिळाले, म्हणजे मृताबरोबर फुलं ठेवली असावीत. हौशी माणसाने फावडं घातलं असतं तर ती माती वाऱ्यावर गेली असती.

सोबत कागदी नकाशा आणि खरं होकायंत्र हवंच, थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते. शिट्टी हवी, संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा. ९९९ ला फोन लावून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. एलानच्या वर फोन लागेल याचा भरवसा नाही, पण अशक्त सिग्नलवर एखादा संदेश जाऊ शकतो. त्यासाठी ९९९ वर इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा संदेश पाठवून आधीच नाव नोंदवावं लागतं. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, परतीची वेळ त्यावरून मागे मोजा.

नोंद करताना उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन व्यास टेपने घ्या. राशीची उंची चढावरच्या आणि उताराच्या, दोन्ही बाजूंनी मोजा, कारण उतारावर त्यांत अर्ध्या मीटरचा फरक सहज पडतो. यंत्र राशीच्या मध्यावर दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवून दहा आकडी संदर्भ घ्या आणि शेजारी यंत्राने दाखवलेली अचूकता लिहा. फोटो चार दिशांनी, मोजपट्टी ठेवून. एक फोटो लांबून हवा, राशीची आकाशरेषा दिसेल असा. नुकसान दिसलं, चाकांचे माग, नवा खड्डा, उघडा पडलेला सिस्ट, तर त्याचा वेगळा फोटो आणि तारीख. हाडं दिसली तर तशीच ठेवून पोलिसांना कळवायचं. बाकी सगळं ‘हेनेब’कडे पाठवा. वेल्सचे चार जुने पुरातत्त्व ट्रस्ट २०२४ मध्ये एकत्र येऊन ही संस्था झाली, आणि आर्खविल्योवरच्या नोंदी तीच सांभाळते. पाठवताना जुना नोंद क्रमांक आणि तुमचा नवा संदर्भ दोन्ही द्या. तुम्ही शोधून काही मिळालं नसेल तर तेही कळवा, मात्र त्यासोबत महिना, गवताची उंची आणि किती मीटरच्या पट्ट्यांत चाललात ते लिहा. ‘जुलै, ब्रॅकन छातीएवढं, काही दिसलं नाही’ आणि ‘मार्च, आखूड गवत, १० मीटरचे पट्टे, काही दिसलं नाही’ या दोन नोंदींचं वजन सारखं नसतं.